विमानाच्या नळीत उदबत्ती

आमच्या दादाने विमान घेतलं तेव्हा गावातल्या प्रत्येक माणसाने त्याला एकच प्रश्न विचारला, "लिटरला किती देतं?"

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सुरुवातीला तो बिचारा खरं उत्तर द्यायचा. विमानाचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तासावर असतो, वगैरे. ऐकणाऱ्याचा चेहरा असा व्हायचा की याला कुणीतरी चांगलंच गंडवलंय. शेवटी दादाने उत्तर बदललं. "उताराला जास्त देतं," असं तो गंभीरपणे सांगायला लागला आणि लोक समाधानाने घरी जायला लागले.

आमचं मूळ गाव मानपाड्याच्या बाजूला. गाव म्हणायची आपली सवय, बाकी आता तिथे शेत शोधायचं तर सातबाऱ्यावरच सापडेल. आजोबांची भातशेती होती आणि घरातली बायकामाणसं खाडीकडे मिठागरात कामाला जायची. मग कारखाने आले, रस्ता रुंद झाला, टॉवर आले आणि आमच्या भाऊबंदांवर अचानक श्रीमंत व्हायची वेळ आली. कुणालाच सवय नव्हती. कुणी शर्यतीचे बैल घेतले, कुणी बैलालाही जड होईल अशी साखळी स्वतःच्या गळ्यात घातली. दादाला मात्र लहानपणापासून एकच वेड. मिठागरात आईबरोबर गेला की मीठ ओढायचं सोडून हा वर बघत उभा राहायचा, आणि काकी, म्हणजे त्याची आई, हातात असेल ते फेकून मारायची. त्याने बावन्नाव्या वर्षी विमान चालवायचं लायसन्स काढलं. पेपर इंग्रजीत होते. अभ्यास मी घेत होतो, कारण घराण्यातला पहिला पदवीधर मी. तो तिसऱ्या फटक्यात पास झाला. मी ढगांच्या पहिल्याच धड्यात नापास झालो.

विमान दोन-चार हात फिरून आलेलं आहे. एक पंखा, चार सीटा, पण चौथा माणूस बसणार असेल तर तिसऱ्याने पाय कुठे ठेवायचे हे आधी ठरवावं लागतं. कल्याणच्या पलीकडे मुरबाडच्या अंगाला एक छोटी धावपट्टी आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते राहतं. त्या शेडला हँगर म्हणायचं असतं, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं.

मी या भानगडीत आलो तो नोकरी सुटल्यामुळे. मानपाड्याच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कंपनीची होती. त्यानंतर मी वर्तकनगरच्या घरात दिवसभर बसू लागलो. बायको शाळेत शिकवते. तिच्या मते घरी बसलेला नवरा म्हणजे भिंतीला आलेली ओल, आज ना उद्या पसरणारच. तेवढ्यात दादाचा फोन आला, "तू रिकामाच आहेस ना रे? विमान धुवायला ये."

"विमान धुवायचं म्हणतोय," मी बायकोला सांगितलं.

"जा ना," ती म्हणाली. "अहो, काहीतरी धुवायला शिकाल तरी."

आता लोकांना वाटतं की विमान म्हटलं की त्याच्यामागे गणवेशातली दहा माणसं. मोठ्या विमानांचं असेल. आमच्या विमानामागे दोनच माणसं होती. एक, कागदोपत्री जिची सही लागते ती इंजिनिअर, डोंबिवलीची, वय पस्तीसच्या आसपास. तपासण्या, इंजिनाची कामं, सगळं तिच्या हातून. दुसरा मी. धुणं, पुसणं आणि ओरडा खाणं माझ्याकडे. मी तिला मॅडम म्हणायचो आणि ती मला काका म्हणायची, आणि या दोन शब्दांतच आमची कामाची वाटणी झाली.

पहिल्याच दिवशी मी काचांना हात घातला. गाड्यांच्या काचा पुसणं ही आमच्या घरात माझी खासियत. ओला केलेला पेपर, गोल गोल घासायचा, आरसा होतो. मागच्या खिडकीचा एक कोपरा झाला असेल-नसेल, तोच पाठीमागून आवाज आला.

"काका, काय करताय?"

"काच पुसतोय."

"ती काच नाहीये."

मी हात थांबवून बघितलं. मला ती काचच दिसत होती.

"प्लास्टिक आहे ते. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग हाताने चाचपायचं, मग मऊ फडकं, आणि तेसुद्धा वर-खाली. गोल नाही. पेपर तर नाहीच नाही. भिंतीवर सूचना लावलीय ना."

भिंतीवर सूचना होती, बरोबर. तिच्यावर मी माझा शर्ट अडकवला होता. त्या कोपऱ्यात अजूनही चपातीएवढे गोल ओरखडे आहेत. ऊन पडलं की चमकतात.

पण मग मी शिकलो. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पंखांच्या पुढच्या कडेला चिकटून वाळलेले किडे खरवडायचे नसतात, त्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचं, ते आपोआप सुटतात. बिजागऱ्यांवर पाण्याचा जोर मारायचा नाही, आतलं ग्रीस निघून जातं. विमानाच्या पोटावर इंजिनातलं काळं तेल मागपर्यंत ओघळत गेलेलं असतं, ते चाकं लावलेल्या फळीवर उताणं झोपून पुसावं लागतं. चार दिवस विमान उभं राहिलं की साळुंक्या इंजिनात काड्या आणून भरतात. एकदा मी आतून अर्धी बादली गवत, एक रिबीन आणि कुणाच्या तरी बनियनचा तुकडा काढला. आणि विमानाला जेवढी म्हणून भोकं आहेत तेवढ्यांना लाल कापडी टोप्या असतात. विमान उभं असताना टोपी घालायची, उडायच्या आधी काढायची.

अशीच एक टोपी डाव्या पंखाखालच्या नळीला होती. बोटाएवढी नळी, तोंड पुढे, पुढून भोक. ती कशासाठी आहे हे मी कधी विचारलं नाही. सत्तावीस वर्षं स्टोअरमध्ये काढली की एक गोष्ट कळते, वस्तू सांभाळायला ती कशाला लागते हे माहीत असावं लागत नाही.

मुद्द्यावर येतो. दादाला दर काही काळाने डॉक्टरकडून विमान चालवायला लायक असल्याचं मेडिकल करून घ्यावं लागतं. यंदा त्याची शुगर अशी काही वाढली होती की डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं, पुढच्या वेळी आशा धरू नका. हातातलं मेडिकल दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी संपणार होतं. दादाने सगळ्यांना विमानात फिरवून आणलं होतं. वहिनीला, मुलींना, जावयांना, तलाठ्यालासुद्धा. एक काकी तेवढी बसली नव्हती.

काकीचं वय ऐंशीच्या पुढे. विमान आलं त्या दिवसापासून तिने त्याबद्दल एकदाही चांगलं बोललेलं कुणी ऐकलं नाही. जमीन विकून पोराने पत्रा आणला, एवढंच तिचं म्हणणं. दादा वरून हसायचा. पण एकदा विमानाचं पोट पुसताना, मी उताणा खाली आणि तो बाजूला स्टुलावर, असा तो अचानक म्हणाला, "एकदा आई बसली ना रे, मग विकून टाकलं तरी चालेल."

मी पुसत राहिलो. बोललो असतो तर तेल तोंडात गेलं असतं.

दसऱ्याला आमच्याकडे जे जे चालतं त्या सगळ्याची पूजा होते. गाड्या, टँकर, ट्रॅक्टर, पंप, पिठाची गिरणी. यंदा वहिनीने ठरवलं, सगळ्यांनी मिळून विमानाची पूजा तिथे जाऊनच करायची. म्हणून दोन गाड्या भरून आम्ही धावपट्टीवर गेलो. मॅडमने फोनवर तीन अटी घातल्या होत्या. पंख्यावर नारळ फोडायचा नाही, रंगावर कुंकू लावायचं नाही, झेंडूची माळ उडणाऱ्या कुठल्याही भागात अडकेल अशी बांधायची नाही. या तिन्ही अटी मी जातीने पाळायला लावल्या. नारळ बाहेर दगडावर फोडला. कुंकू चाकाच्या रबराला लावलं. माळ शेडच्या दाराला गेली.

काकी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. मग उठली, काठी टेकत आली आणि पंखावर टिचकी मारली. काकीच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'.

"यो पत्रा? आपले पान्याचे टाकीचा यापरीस जार हाय."

"आई, हलकं असावं लागतं," दादा म्हणाला.

"हलका तं तू पन व्हतास. म्हनून काय उरवला तुना?"

सगळे हसले. दादाने संधी साधली. "आई, यंदा तरी बस ना. वीस मिनिटं. तुझं माहेर दाखवतो वरून."

काकीचं माहेर धावपट्टीपासून सरळ रेषेत फार लांब नाही. तिथे एका शेताच्या बांधावरून तिचं आणि तिच्या भाच्यांचं चाळीस वर्षं वाजतंय. तिचं म्हणणं, भाच्यांनी बांध सरकवला. भाच्यांचं म्हणणं, आत्या म्हातारी झाली. काकीने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"वरशी बांध दिसल?"

"सगळं दिसतं."

"सरल हाय का वाकरा, त्यो पन दिसल?"

"फुटपट्टी लावल्यासारखा दिसतो, आई."

"तं बसन," काकी म्हणाली. "बांध बगाला बसन. तुज्या इमानासाठी नाय."

दादाच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही. त्याने लगेच आठवड्याभराने येणारा रविवार ठरवला.

त्या आनंदात आरती झाली आणि उदबत्ती कुठे लावायची हा प्रश्न आला. पेट्रोल असलेल्या शेडमध्ये आगीची काडी नको म्हणून आम्ही विमान ढकलून उघड्यावर आणलं होतं, तिथे वारा. उदबत्तीचं घर घरी राहिलं होतं. वहिनी केळं शोधायला लागली, आमच्याकडे खोचायला काही नसलं की केळं. आणि मला, घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला, पंखाखालची ती नळी दिसली. लाल टोपी मी स्वतः काढली. देवासमोर टोपी बरी दिसत नाही, असंही काहीतरी बोललो. दोन उदबत्त्या त्या भोकात अशा घट्ट बसल्या की नळी त्यांच्यासाठीच केली असावी. धूर सुंदर निघत होता. मी फोटोही काढला.

निघताना उदबत्त्या संपत आल्या होत्या. एक सहज निघाली. दुसरी मी जरा घाईने ओढली आणि ती काट्कन आत तुटली.

मी आजूबाजूला बघितलं. सगळे प्रसादाच्या पेढ्यांकडे वळले होते. मी करंगळी घालून बघितली, जात नव्हती. फुंकर मारली, त्याने राख आणखी आत गेली असावी. मग कुठलाही अनुभवी स्टोअरकीपर करेल तेच मी केलं. टोपी घातली.

दोन दिवसांनी मी गावी गेलो होतो. दादा पडवीत काकीला विमान समजावून सांगत होता. तिचे प्रश्न संपत नव्हते. पेट्रोल संपलं तर, पंखा थांबला तर, तुला शिंक आली तर. दादा वर्षानुवर्षं या परीक्षेची वाट बघत असल्यासारखा एकेक उत्तर देत होता. मी चहा पीत होतो.

"आनि किती जोरान चाललाय त्यो कसा कलतं तुना? वर काय किलोमीटरचे दगर हायेत?"

"नळी असते ना. डाव्या पंखाखाली. समोरचा वारा तिच्यात घुसतो, तो आतून थेट काट्यापर्यंत येतो. जेवढा जोर जास्त तेवढा काटा वर. आई, सगळं विमान त्या नळीवर चालतं म्हण. वेग कळला नाही तर उतरताना माणूस आंधळा."

"आनि ती नली बुजली तं?"

"बुजत नाही. टोपी असते तिला. ह्याला विचार, हाच घालतो."

काकीने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात चहा होता, तो गिळायचा कसा हे मी विसरलो होतो. मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते मला आजही माहीत नाही.

मग मी फोन आल्याचं नाटक करून उठलो, ट्रॅक्टरच्या मागे गेलो आणि मॅडमला खराच फोन लावला.

"मॅडम, ती पंखाखालची नळी असते ना..."

"हो. तिचं काय?"

"तिच्यात समजा एखादी वस्तू गेली तर?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "कुठली वस्तू, काका?"

"उदबत्ती."

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"पेटलेली?" तिने विचारलं.

"घातली तेव्हा होती."

तिने मला ओरडावं अशी माझी मनापासून इच्छा होती. पण ती नुसती एकेक विचारत गेली. किती लांब तुकडा, फुंकर मारली का, किती जोरात. फुंकरीचं ऐकून तिने एक श्वास सोडला, तो मला डोंबिवलीहून स्पष्ट ऐकू आला.

"हे कळलं नसतं तर काय झालं असतं?" मी विचारलं.

"टेकऑफला पळताना दादा काट्याकडे बघतात. काटा हलला नसता तर त्यांनी तिथेच विमान थांबवलं असतं."

"म्हणजे धोका नाही."

"धोका आहेच, काका. आणि तो टळला असता तरी तुमच्या काकू आत बसलेल्या असताना विमान अर्ध्या धावपट्टीवर ब्रेक लावून थांबलं असतं. परत बसल्या असत्या का त्या?"

हे मला तिच्याकडून कळावं याची लाज वाटली. काकी त्यानंतर मेली असती तरी विमानाच्या सावलीत उभी राहिली नसती, आणि दादाला दुसरा रविवार जेमतेम एकच मिळणार होता.

"मी उद्या सकाळी येते," मॅडम म्हणाली. "पण आज रात्री त्यांना सांगा. मालक ते आहेत. त्यांना माहीत नसताना मी स्क्रूला हात लावणार नाही."

संध्याकाळी दादा गावातल्या नळावर पाय धूत होता तिथे मी त्याला गाठला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्याने पाय धुवायचं थांबवलं नाही. आधी डावा झाला, मग उजवा.

"कुठली होती?" त्याने विचारलं.

"काय कुठली?"

"उदबत्ती. आपली ती मोगऱ्याची?"

"हो."

"अरे तू शिकलेला माणूस ना रे?"

"स्टोअरचा आहे," मी म्हणालो.

त्याने नळ बंद केला. "पूजा कुठे करत होतास तू? विमानापुढे का विमानाच्या आत?" मग खांद्यावरच्या टॉवेलने पाय पुसत म्हणाला, "आईला कळता कामा नये. तुझ्या वहिनीलाही नाही. तिला कळलं म्हणजे आईलाच कळलं. आणि रविवारपर्यंत काय करायचं ते त्या मुलीला विचारून कर. ती म्हणेल उडायचं नाही, तर नाही उडायचं." शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी हँगरमध्ये हजर होतो. मॅडमने आधी डॅशबोर्डच्या मागून त्या नळीची लाइन काट्यापासून सोडवली. आतल्या बाजूने हवा मारून काडी बाहेर येते का बघायचं, पण काटा जोडलेला असताना नाही, नाहीतर काटाच फुटतो. हवा मारली. नळीतून राखेचा एक फवारा बाहेर आला आणि मोगऱ्याचा वास. काडी नाही. पुन्हा हवा. पुन्हा वास.

"चांगली क्वालिटी आहे," मॅडम म्हणाली.

शेवटी तिने नळीच पंखावरून उतरवली आणि टेबलावर घेतली. भिंगाच्या दिव्याखाली, दातात पातळ टॉर्च धरून, बारीक तारेने ती तासभर कोरत होती. मी बाजूला उभा. मदत म्हणून दोनदा घसा खाकरला. काडीचे तीन तुकडे निघाले. ते तिने पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले आणि माझ्या हातात आलेल्या तुकड्यासकट, मी खिशातून आणलेल्या, सहज निघालेल्या उदबत्तीच्या काडीशी ताडून बघितले. चिमटीएवढा तुकडा कमी पडत होता. तो शोधायला दुपार गेली. लाइनच्या पहिल्या वळणात बसला होता, माझ्या फुंकरीने पोचलेला. नळीच्या बुडाची रबरी रिंगही कडक झालेली निघाली. ती नवी यायला दोन दिवस. मी रोज वर्तकनगरहून जात होतो. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मी सगळं विमान दोनदा धुतलं, वर-खाली, गोल नाही.

शुक्रवारी रिंग आली. नळी परत बसली. मग मॅडमने नळीच्या तोंडाला सलाइनची मऊ ट्यूब लावली, तिच्या दुसऱ्या टोकाला मोठी सिरिंज, आणि ती माझ्या हातात दिली. ती स्वतः आत जाऊन काट्यासमोर बसली.

"हळू दाबा, काका. अगदी हळू. डोळ्यात औषध घालतो तसं."

मी अंगठ्याने दाबलं.

"वीस," आतून आवाज आला. "चाळीस... साठ. थांबा. काटा स्थिर आहे. आणखी... ऐंशी. धरून ठेवा."

मी धरून ठेवलं. बंद हँगरमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे लावलेलं विमान माझ्या एका अंगठ्यावर ऐंशीच्या वेगाने उभं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या हाताने काही इतक्या जोरात चालल्याचं मला आठवत नाही. अंगठा दुखायला लागला तरी मी सोडला नाही. मिनिटभराने ती म्हणाली, "काटा उतरला नाही. कुठे गळत नाहीये. सोडा आता, पण तेही हळू."

तिने वहीत नोंद केली आणि सही केली. मी खांद्यावरून वाकून वाचलं. नळीत अडकलेली बाहेरची वस्तू काढली, एवढंच तिने लिहिलं होतं. उदबत्तीचा उल्लेख नव्हता, मोगऱ्याचाही नव्हता. या एका सभ्यपणासाठी मी तिचा ऋणी आहे.

रविवारी हवा स्वच्छ होती. काकी नऊवारी नेसून, पिशवीत पाण्याची बाटली आणि शेताचा जुना नकाशा घेऊन आली होती. तिला पुढच्या सीटवर चढवायला दादा, वहिनी आणि मी, तिघं लागलो. मी मागे बसलो. मीच बसायचं असा दादाचा हुकूम होता. "तुझी नळी, तू बस," तो माझ्या कानात म्हणाला.

काकीच्या डोक्यावर हेडफोन बसवला तेव्हा तिने माइक तोंडापुढून दोनदा बाजूला ढकलला, ही काडी कशाला म्हणून. काडी या शब्दावर दादाने आणि मी एकमेकांकडे बघणं टाळलं.

इंजिन सुरू झालं. आम्ही धावपट्टीच्या टोकाला गेलो. मी दोन सीटांच्या मधून मान घालून फक्त त्या एका काट्याकडे बघत होतो. विमान पळायला लागलं. काटा पडलेलाच. पत्र्याची शेड मागे गेली. काटा पडलेला. मी नेमक्या कुठल्या देवाला हाक मारावी याचा विचार करत होतो, कारण उदबत्तीमुळे सगळ्यांशीच संबंध बिघडले होते. तेवढ्यात काटा थरथरला आणि उठला.

"स्पीड चालू," दादा हेडफोनमध्ये म्हणाला. ते म्हणायचंच असतं, नेहमीचं वाक्य आहे. पण त्या दिवशी ते त्याने जरा मागे वळून म्हटलं.

जमीन सुटली. काकीने एका हाताने सीट धरली आणि दुसऱ्या हाताने नकाशा. पहिली पाच मिनिटं ती खाली बघत होती. नदी विचारली, रस्ता विचारला, एका देवळाला नमस्कार केला. "यवरुसा दिसतंय?" एवढं एक म्हणाली. मग बोलायची थांबली.

आमच्या घरातल्या कुठल्याही गाडीत काकी बसली की ती गाडी तीच चालवते. हळू घे, ट्रक येतोय, त्या बाईला जाऊ दे. मानपाड्याहून कल्याणला जाईपर्यंत ड्रायव्हरचा जीव जातो. दोन जावई तिला गाडीत घेत नाहीत. ती गप्प झाली म्हणून मी घाबरून पुढे वाकलो.

काकी झोपली होती. मान खिडकीला टेकलेली, तोंड अर्धं उघडं, नकाशा मांडीवरून घसरलेला. माइक तोंडापाशी होता आणि तो आवाज आला की आपोआप चालू होतो, त्यामुळे तिचं घोरणं आमच्या दोघांच्या कानात खणखणीत येत होतं.

दादाने एकदा तिच्याकडे बघितलं. माहेरच्या शेतांवर त्याने एक मोठा, सावकाश वळसा घेतला. विमान इतकं अलगद कललं की तिच्या पिशवीतलं पाणीही हललं नसेल. खाली शेतं होती, बांध होते, सगळे सारखेच वाकडे.

"उठवू का?" मी विचारलं.

"गप बस रे," दादा म्हणाला.

चाकं टेकली तेव्हा तिला जाग आली. खाली उतरवल्याबरोबर वहिनी पुढे आली. "दिसला का हो, सासूबाई, बांध?"

"दिसला तं," काकी पदर सारखा करत म्हणाली. "दोन हात सरकवलाय मेल्यांनी. या दोघांनी पन बगितला. विचार त्यांना."

वहिनीने आमच्याकडे बघितलं. दादा म्हणाला, "दोन हात तरी असेल."

मी म्हणालो, "थोडा जास्तच."

बायका गाडीकडे गेल्या. दादा आणि मी विमान ढकलत आत घेतलं, ठोकळे लावले, टोप्या घातल्या. पंखाच्या कडेवर ताजे किडे चिकटले होते. मी ओली फडकी टाकत गेलो आणि दादा पंखाच्या पलीकडे उभा राहून उगाचच तीच जागा पुसत होता.

"झोपली होती ना रे?" तो म्हणाला.

"गाढ."

"तो आवाज इंजिनाचा नव्हता ना?"

"इंजिन तसं घोरलं असतं तर मॅडमने सही केली नसती."

त्याने फडकं पिळलं, परत पंखावर टाकलं.

"किती वेळ झोपली असेल?"

"बारा मिनिटं तरी."

"बारा?"

"जास्तच. तू वळसा घेत होतास तेव्हाही झोपलेली होती."

"वळतानाही?"

"वळतानाही."

"परत सांग," दादा म्हणाला.